एच-१बी मंजूर झाला, आता मालकाने कायद्याने काय काय पाळायचं? (न्यू जर्सी, छोटी कंपनी)

रारीटन_काठी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एडिसनला आमची १४ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. पहिल्यांदाच एका कर्मचाऱ्याचा एच-१बी (कुशल नोकरीसाठीचा अमेरिकी वर्क व्हिसा) केला. तो सध्या आमच्याकडेच एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा), स्टेम ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणारा तात्पुरता कामाचा परवाना) काम करतोय. लॉटरीत नंबर लागला, पिटिशन (आम्ही मालक म्हणून केलेला अर्ज) मंजूर झालं, १ ऑक्टोबरपासून चेंज ऑफ स्टेटस, म्हणजे देशातच राहून एफ-१ चं एच-१बी. वकिलांनी मंजुरीचा कागद पाठवला आणि सोबत एकच ओळ लिहिली, ‘एलसीएच्या अटी पाळाव्यात.’ (एलसीए म्हणजे पगार आणि कामाच्या अटींबद्दल मालकाने श्रम खात्याला दिलेलं हमीपत्र.) आता अडलंय ते असं:

१. ऑफिसात कोणते कागद ठेवायचे? तपासायला कोण येऊ शकतं?
२. डिसेंबरअखेर प्रोजेक्ट संपतोय, पुढचा मार्चमध्ये सुरू होणार. मधले दोन महिने त्याला बिनपगारी रजेवर ठेवलं तर? तो तयार आहे.
३. मार्चपासून तीन महिने त्याला फिलाडेल्फियाच्या क्लायंटकडे बसवायचंय.
४. खर्च बराच झाला. निम्मा त्याच्या पगारातून हप्त्याने कापावा, नाहीतर ‘दोन वर्षांच्या आत सोडलंस तर १०,००० डॉलर भर’ असा करार करून घ्यावा, असं भागीदारांचं म्हणणं आहे.

एलसीएवर पगार ९६,००० डॉलर आहे. ओपीटीवर त्याला ८२,००० मिळतात.

कलम_६५५

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त कंपन्या तिथेच अडकतात.

बिनपगारी रजा देता येणार नाही. तो तयार असला तरी नाही, लिहून दिलं तरी नाही. काम नाही म्हणून माणूस रिकामा बसला, तर त्या काळाचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा, असं अमेरिकी श्रम खात्याचा नियम स्पष्ट सांगतो. प्रोजेक्ट संपला, क्लायंटने करार लांबवला, लायसन्स यायचं राहिलं, या सगळ्या मालकाच्या बाजूच्या अडचणी धरल्या जातात. आपल्याकडच्या लोकांच्या तोंडी असलेलं ‘बेंचवर बसवणं’ ते हेच. बेंचवर बसवायला मनाई नाही, पण पगार थांबवता येत नाही.

सवलत मिळते ती फक्त कर्मचाऱ्याने स्वतःच्या कारणासाठी, स्वतःहून मागितलेल्या रजेला. घरातल्या आजारी माणसाची देखभाल, भारतात लग्न, बाळंतपण, अपघातामुळे काम करता न येणं, ही तशी कारणं. तीही तुमच्या रजेच्या धोरणात किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्यात पगारी रजा बसत नसेल तरच. श्रम खात्याच्या वेतन विभागाचे तपासनीस आधी तारखा जुळवून बघतात. रजेचा अर्ज ३० डिसेंबरचा आणि प्रोजेक्ट संपला ३१ डिसेंबरला, असं दिसलं की ‘स्वेच्छेने घेतली’ हे म्हणणं टिकत नाही. आणि ज्याचं या देशात राहणं तुमच्या सहीवर अवलंबून आहे, तो ‘तयार आहे’ या शब्दाला फारसं वजन नसतं. हे भागीदारांना जरूर सांगा.

कर्मचाऱ्याने डब्ल्यूएच-४ हा फॉर्म भरला की तक्रार दाखल होते. घटनेपासून १२ महिन्यांची मुदत असते. थकलेला पगार तर द्यावा लागतोच. शिवाय जाणूनबुजून केलं असं ठरलं तर दंड होतो आणि किमान दोन वर्षं कंपनीवर बंदी येते. त्या काळात एच-१बीच काय, ग्रीन कार्डाचं पिटिशनही मंजूर होत नाही. तक्रार केली म्हणून त्या माणसाला त्रास देणं हा आणखी वेगळा गुन्हा.

आता १ ऑक्टोबरबद्दल. तो दिवस उजाडला की पगार ८२,००० वरून ९६,००० व्हायलाच हवा. ‘वार्षिक वाढ जानेवारीत देऊ’ म्हणून अनेक जण तीन महिने ढकलतात आणि तिथेच कमी पगाराची नोंद होते. एलसीएमध्ये तुम्ही सही करून सांगितलेलं असतं की त्या भागातला त्या कामाचा प्रचलित पगार आणि तुम्ही तशाच कामाला, तशाच अनुभवाच्या माणसाला प्रत्यक्ष देता तो पगार, यांतला जो जास्त असेल तो आम्ही देऊ. महिन्यातून किमान एकदा, कर कापून, हातात पडेल असा. प्रवासभत्ता किंवा पर डिएम (रोजचा खर्चभत्ता) त्यात धरता येत नाही. बोनस धरायचा असेल तर तो हमीचा आणि पगार म्हणून कर लागणारा असावा लागतो.

आणखी एक, तुमच्यासारख्या छोट्या कंपनीसाठी. २५ किंवा त्याहून कमी पूर्णवेळ माणसं असताना आठवा एच-१बी कर्मचारी आला की कंपनी ‘एच-१बी डिपेंडंट’ ठरते. मग पुढच्या एलसीएत जादा अटी लागतात. अमेरिकन कामगाराला हटवलेलं नाही, आधी इथे भरतीचा प्रामाणिक प्रयत्न केला, हे सिद्ध करावं लागतं. ६०,००० डॉलर किंवा जास्त पगाराच्या, किंवा कामाशी संबंधित मास्टर्स असलेल्या माणसांसाठीच एलसीए वापरला तर त्यातून सूट आहे. आज तुम्हाला लागू नाही, पण आकडा लक्षात असू द्या.

एचआर_ताई

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. तुम्हाला पब्लिक ॲक्सेस फाइल ठेवायची आहे. नाव बघून घाबरू नका, पातळशी फाइल असते. पण कोणीही अनोळखी माणूस येऊन ‘दाखवा’ म्हणाला तर दाखवावी लागते. पत्रकार, स्पर्धक कंपनी, तुमचा जुना कर्मचारी, कोणीही.

त्यात काय हवं: सही केलेला एलसीए (फॉर्म ९०३५), या माणसाचा पगाराचा दर, तो पगार कसा ठरवला याचं एका पानात स्पष्टीकरण (शिक्षण, अनुभव, जबाबदारी, असं), प्रचलित पगाराचा आकडा कुठून घेतला त्याची प्रिंट, नोटीस कुठे आणि कोणत्या तारखांना लावली त्याची नोंद, आणि अमेरिकन व परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सोयींचा गोषवारा. बस. एलसीए दाखल झाल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात ही फाइल तयार असायला हवी. त्या एलसीएवरच्या शेवटच्या माणसाचं काम थांबल्यानंतर आणखी एक वर्ष जपायची. पगारपत्रकं वेगळी, तीन वर्षं.

काय ठेवू नये तेही तितकंच महत्त्वाचं. आय-१२९ पिटिशनची प्रत, पासपोर्ट, त्याची डिग्री, इतर कर्मचाऱ्यांची नावं आणि पगार यांतलं काहीही त्या फाइलीत घालायचं नाही. घाईघाईत वकिलाने पाठवलेला सगळा गठ्ठा तसाच फाइलीला लावतात आणि मग एका माणसाची खाजगी माहिती चव्हाट्यावर येते.

नोटिशीची पद्धत अशी: एलसीए दाखल करण्याआधीच्या ३० दिवसांत किंवा त्या दिवशी, कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी, दहा दिवस. किमान वेतनाचे तक्ते लावता ना पँट्रीत, त्याच्या शेजारी लावलेली चालते. इंट्रानेटवर किंवा ईमेलनेही देता येते. त्या जागी तसंच काम करणाऱ्या सगळ्यांना ती दिसायला हवी, एवढं बघा. कर्मचारी घरून काम करत असेल तर त्याचं घर ही कामाची जागा, म्हणजे नोटीस तिथेही. दोन प्रती, एक फ्रिजवर आणि एक कामाच्या टेबलापाशी, दहा दिवस लावून, तारखा लिहून, सही करून ऑफिसला पाठवायच्या. हास्यास्पद वाटेल, पण तपासनीस नेमक्या त्याच तारखा विचारतात. आणि एलसीएची प्रत त्या माणसाच्या हातात १ ऑक्टोबरच्या आत पडलीच पाहिजे.

फाइल अजून केलीच नसेल तर आज करा आणि आजचीच तारीख घाला. उशिरा केलेली फाइल ही चूक आहे, मागची तारीख घातलेली फाइल ही फसवणूक.

तपासायला दोन वेगळी खाती येतात. वेतन विभाग बहुधा तक्रारीवरून येतो. यूएससीआयएसचे (इमिग्रेशन खातं) एफडीएनएस अधिकारी (फसवणूक तपासणारी शाखा) मात्र न सांगता येऊ शकतात, ऑफिसात, क्लायंटकडे, घरीसुद्धा. १७ जानेवारी २०२५ पासून हे नियमातच लिहिलं आहे आणि सहकार्य नाकारलं तर पिटिशन रद्द होऊ शकतं. ते त्या माणसाला आणि मॅनेजरला वेगवेगळं बसवून काम काय करतोस, कोणाला रिपोर्ट करतोस, पगार किती, कुठे बसतोस, हे विचारतात, पे-स्टब मागतात. त्यामुळे पिटिशनमध्ये कामाचं जे वर्णन दिलंय ते मॅनेजरने एकदा वाचलेलं असावं. रिसेप्शनवरच्या माणसाला ‘अधिकारी आले तर कोणाला बोलवायचं’ एवढं माहीत असावं. उत्तरं पढवून ठेवू नका. खरं काम आणि कागदावरचं काम एकच असेल तर पढवायची गरजच पडत नाही.

कलम_६५५

फिलाडेल्फियाचं आता. एडिसन हे न्यूयॉर्क-नेवार्क-जर्सी सिटी या महानगर क्षेत्रात मोडतं, फिलाडेल्फिया वेगळ्या क्षेत्रात. इमिग्रेशन खात्याच्या ९ एप्रिल २०१५ च्या ‘सिमिओ’ निर्णयापासून नियम पक्का आहे: कामाची जागा एलसीएतल्या क्षेत्राबाहेर गेली, तर माणूस हलवण्याआधी नवा एलसीए आणि सुधारित पिटिशन.

अपवाद आहे, तात्पुरत्या कामाचा. वर्षात ३० कामाचे दिवस. त्याचं टेबल एडिसनच्या ऑफिसात कायम असेल, तिथे तो बराच वेळ काम करत असेल आणि राहायलाही त्याच भागात असेल, तर ६० दिवस. तुमचे तीन महिने म्हणजे साधारण ६३ ते ६५ कामाचे दिवस होतात, म्हणजे तेवढ्यासाठी हुकलं. दिवस कमी करून ६० च्या आत बसवायचं ठरवलं तर त्याचं राहणं, जेवण, प्रवास, शनिवार-रविवारसकट, कंपनीच्या खर्चाने. आणि त्या भागात त्याच कामाचा तुमचा एलसीए आधीपासून असेल तर हा अपवाद वापरताच येत नाही.

सुधारित पिटिशनचा क्रम: प्रचलित पगार फिलाडेल्फियाचा काढा, नोटीस क्लायंटच्या जागी लावा (क्लायंटची परवानगी आधीच मागा, नाहीतर इथेच दोन आठवडे जातात), एलसीए दाखल करा, त्याला ७ कामकाजाचे दिवस लागतात, मग आय-१२९. ते दाखल झालं की माणूस तिथे कामाला जाऊ शकतो, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. मुदत वाढवत नसाल तर २५ पर्यंत माणसांच्या कंपनीला सरकारी फी ४६० अधिक ३०० म्हणजे ७६० डॉलर. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कामाला लागा.

जर्सी सिटी किंवा मॅनहॅटनला पाठवलंत तर क्षेत्र तेच, म्हणून पिटिशन नको. पण तो तिथे बसायच्या दिवशी किंवा त्याआधी नोटीस तिथे लागलेली हवी.

जर्सी_पेरोल

प्रिन्स्टनचं सांगून ठेवतो, कारण जर्सीतल्या कंपन्यांना पुढेमागे तो प्रश्न पडतोच. एडिसनहून गाडीने जवळ, पण ते ट्रेंटन-प्रिन्स्टन या वेगळ्या महानगर क्षेत्रात. ‘रोज ये-जा करण्याच्या टप्प्यात आहे म्हणून तेच क्षेत्र’ असा युक्तिवाद नियमाच्या व्याख्येतून करता येतो. मात्र तो लेखी, वकिलाच्या सहीने, फाइलीत असू द्या. अधिकाऱ्यासमोर तोंडी करायचा तो युक्तिवाद नव्हे.

आता पगाराच्या बाजूने दोन गोष्टी, ज्या वकील सांगत नाहीत.

एक, फायका. एफ-१ वरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी असतो, म्हणून त्याचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापला जात नाही. १ ऑक्टोबरला स्टेटस बदललं की ही सूट संपते. त्या दिवसापासूनच्या कामाच्या पगारातून ७.६५ टक्के त्याचे आणि तितकेच तुमचे. फ्युटाही (मालकाने भरायचा केंद्रीय बेकारी कर) सुरू होतो. पेरोल सॉफ्टवेअरमध्ये ‘एफ-१ सूट’ची खूण हाताने काढावी लागते, आपोआप निघत नाही. राहून गेलं तर ९४१-एक्स (पेरोल कराच्या दुरुस्तीचा फॉर्म) भरून दुरुस्ती करा आणि त्याचा न कापलेला वाटाही तुमच्यावर येऊ शकतो. भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार नसल्यामुळे यातून सुटका नाही. पगार वाढूनही हातात अपेक्षेपेक्षा कमी येणार, हे त्याला सप्टेंबरातच सांगा.

दोन, आय-९ (काम करायचा परवाना तपासल्याचा फॉर्म). त्याचा ओपीटीचा आय-९ तुमच्याकडे आहे. जुना परवाना संपायच्या आत सप्लिमेंट बी भरून पुन्हा पडताळणी करायची. पासपोर्ट आणि मंजुरीच्या आय-७९७ए नोटिशीखालचा आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) हे कागद साधारणपणे दाखवले जातात, पण ‘हेच दाखव’ असं तुम्ही सांगू शकत नाही. स्वीकारार्ह यादीतलं काय दाखवायचं ते तो ठरवेल. स्टेम ओपीटीमुळे तुम्ही ई-व्हेरिफायवर (परवाना पडताळणीची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) असालच. पुन्हा पडताळणीसाठी त्याचं नाव ई-व्हेरिफायमध्ये परत घालायचं नसतं.

एचआर_ताई

चौथा प्रश्न राहिला. तुमच्या आकाराच्या कंपनीचा हिशेब: नोंदणी २१५, आय-१२९ चे ४६०, प्रशिक्षण निधीचे ७५०, फसवणूक प्रतिबंधाचे ५००, असायलम प्रोग्रामचे ३००. यांतले ७५० कर्मचाऱ्याकडून कोणत्याही वाटेने घेता येत नाहीत, आडूनसुद्धा नाहीत. पिटिशनची बाकी फी आणि वकिलाची फी हा मालकाचा धंद्याचा खर्च मानतात. ती कापून पगार ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की भंग झाला. तुमचा पगार ९६,००० आणि एलसीएवरही ९६,०००. म्हणजे एक डॉलर कापायलाही जागा नाही.

१०,००० चा करार म्हणजे नोकरी लवकर सोडल्याचा दंड. तो सरळ निषिद्ध आहे. राज्याच्या कायद्याप्रमाणे खऱ्या नुकसानाचा आगाऊ, वाजवी अंदाज करारात घालता येतो, पण गोल आकडा टाकून, एकट्या एच-१बीवाल्याकडून, त्याच खर्चाची वसुली, हा ‘वाजवी अंदाज’ म्हणून कोणी मान्य करणार नाही. त्याला अशा कागदावर सही करायला लावू नका.

रारीटन_काठी

मनापासून आभार. पगार १ ऑक्टोबरपासूनच वाढवतो, कापाकापी आणि करार रद्द. दोन शंका. एक, मार्चचा प्रोजेक्ट आलाच नाही आणि त्याला कमी करावं लागलं तर? दोन, तो सप्टेंबरात भारतात जाऊन यायचं म्हणतोय. एक लाख डॉलरच्या फीचं काय?

कलम_६५५

कमी करणं कायदेशीर आहे, पण तीन गोष्टी झाल्याशिवाय ते पूर्ण झालं असं मानत नाहीत. त्याला लेखी नोटीस, शेवटच्या दिवसाच्या तारखेसह. यूएससीआयएसला पिटिशन मागे घेण्याचं पत्र, पावती क्रमांक घालून, पोचपावती येईल अशा पद्धतीने. आणि त्याच्या परदेशातल्या शेवटच्या निवासापर्यंत परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देण्याचा लेखी प्रस्ताव. हा खर्च त्याचा एकट्याचा, कुटुंबाचा नाही. स्वतः राजीनामा दिला तर तो लागू होत नाही, म्हणून त्याच्यावर राजीनाम्यासाठी दबाव आणू नका. तसा राजीनामा बडतर्फीच धरला जाऊ शकतो.

यूएससीआयएसचं पत्र राहून गेलं तर पगाराची जबाबदारी कागदोपत्री चालूच राहते. माणूस महिन्यांपूर्वी गेलेला आणि तेवढ्या महिन्यांचा थकीत पगार मालकावर, असे निकाल श्रम खात्याच्या पुनरावलोकन मंडळाने दिलेले आहेत. एलसीए श्रम खात्याच्या फ्लॅग पोर्टलवरून मागे घ्या, म्हणजे फाइल जपायचं वर्ष मोजायला तारीख पक्की मिळते.

त्याच्या बाजूने बघा: नोकरी गेल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस, तेही आय-९४ ची मुदत आधी संपत नसेल तर. त्यात नवा मालक शोधायचा, स्टेटस बदलायचं किंवा घर आवरून जायचं. निर्णय झाला की त्याच दिवशी सांगा. शेवटची तारीख पुढची ठेवून पगार चालू ठेवता आला तर त्याला ते आठवडे मिळतात.

प्रवासाचं असं: १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतले एक लाख डॉलर हे अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी २१ सप्टेंबर २०२५ पासून दाखल केलेल्या नव्या पिटिशनला होते. २० ऑक्टोबर २०२५ च्या खुलाशाप्रमाणे देशातच चेंज ऑफ स्टेटस मंजूर झालेल्याला ते लागू नाहीत, आणि तो नंतर बाहेर जाऊन त्याच पिटिशनवर स्टँपिंग करून (पासपोर्टवर व्हिसा घेऊन) आला तरी नाहीत. या विषयावर कोर्टात खटले चालले आहेत, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी वकिलांना विचारा.

सप्टेंबरात मात्र त्याला पाठवू नका. १ ऑक्टोबरच्या आधी तो एफ-१ वर परत आला तर चेंज ऑफ स्टेटस लागू होतं की नाही, यावरच वाद उभा राहतो. पिटिशन प्रलंबित असताना गेला असता तर ते सोडून दिलं असंच धरलं असतं. ऑक्टोबरनंतर, व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख हातात घेऊन जाऊ दे. मुंबईच्या वकिलातीतून पासपोर्ट परत यायला वेळ लागला आणि तो तिथून काम करू शकला नाही, तर तेवढी रजा त्याच्या स्वतःच्या कारणाची ठरते. त्याचा अर्ज मात्र जाण्याआधी, त्याच्याच शब्दांत, ईमेलने घेऊन ठेवा.